सीव्ही लिहिण्याआधीचे बोलणे

सीव्ही पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घ्यावा का, यावर मराठी घरांत आणि कचेऱ्यांत मतभेद आहेत. पण त्या वादात एक माणूस सहसा विसरला जातो. अशी सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ग्राहकाशी बोलणारा आणि सीव्ही लिहिणारा हे बहुधा वेगवेगळे असतात. चौकशीचा फोन घेणे, पॅकेज समजावणे, माहितीचा फॉर्म भरून घेणे, मसुदा पाठवून दुरुस्त्या ऐकणे, उशीर झाला की समजूत घालणे आणि पैसे परत मागितले की ते प्रकरण निस्तरणे, ही सगळी कामे ‘क्लायंट रिलेशन्स’ विभागाकडे असतात. ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे हाच आवाज. या जागेवरच्या माणसाचे काम विक्रीचे की सल्ल्याचे, याबद्दल व्यवसायात एकमत नाही. त्या प्रश्नाचा हा आढावा घेताना बहरीनमधला मराठी नोकरदार समोर ठेवला आहे. तिथे सीव्हीला गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कायद्यामुळे वेगळे वजन आले आहे, आणि ग्राहक व कंपनी यांच्यामध्ये समुद्र असल्यामुळे सगळा व्यवहार फोनवरच्या बोलण्यावर उभा असतो.

दुसऱ्यासाठी लिहिण्याची जुनी रीत

दुसऱ्याचे म्हणणे योग्य भाषेत मांडून देण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात जुना आहे. कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस पक्षकाराची हकिगत ऐकून ती सरकारी भाषेत उतरवत. मुंबईच्या जीपीओसमोरचे पत्रलेखक निरक्षर कामगारांची गावाकडची पत्रे आणि मनीऑर्डरचे फॉर्म लिहून देत. पुढे टायपिंग इन्स्टिट्यूट आणि झेरॉक्सच्या दुकानांतून बायोडेटा टाइप करून मिळू लागला. या जुन्या व्यवहारात ऐकणारा आणि लिहिणारा एकच होता. हकिगतीत काही सुटले आहे असे वाटले तर तो तिथल्या तिथे विचारून घेई. अर्ज फसला तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडेही.

नोकरीच्या संकेतस्थळांनी ही जोडी मोडली. संजीव बिखचंदानी यांच्या इन्फो एजने १९९७ साली नौकरी डॉट कॉम सुरू केले. आखाती देशांसाठी २००० साली बेत डॉट कॉम आले, आणि त्यानंतर नौकरीगल्फ. नोकऱ्यांच्या जाहिरातींबरोबर सशुल्क सीव्ही लेखन हाही या क्षेत्रातल्या कंपन्यांचा व्यवसाय झाला. अमेरिकेत सीव्ही लिहिणाऱ्यांची संघटना १९९० मध्येच उभी राहिली होती आणि ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. भारतात मात्र या व्यवसायाला कोणताही कायदेशीर परवाना लागत नाही. काम वाढले तसे त्याचे वाटे पडले: एक जण विकतो, एक माहिती घेतो, एक लिहितो, एक तपासतो. कामाची गती त्यामुळे वाढली. पण ग्राहकाने बोलताना सांगितलेली गोष्ट लिहिणाऱ्यापर्यंत पोचेलच याची खात्री उरली नाही. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला या फटीत दिसते.

बहरीनमध्ये सीव्हीला वजन कसे आले

बहरीनमध्ये १९३२ साली तेल सापडले, त्यानंतर काही वर्षांतच रिफायनरी उभी राहिली, आणि १९७०च्या दशकात ॲल्युमिनियमचा अल्बा हा कारखाना व जहाजदुरुस्तीची अस्री गोदी सुरू झाली. फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, ड्राफ्ट्समन, अकाउंटंट अशा कामांसाठी भारतातून माणसे जात राहिली. आज सुमारे १६ लाखांच्या या देशात निम्म्याहून अधिक लोक परदेशी नागरिक आहेत आणि त्यात भारतीय ३ लाखांहून जास्त आहेत. राजधानी मनामाच्या दक्षिणेला, सितरा आणि ईसा टाउनच्या जवळ असलेली सनद ही तिथली एक राहती वस्ती. कारखान्यांचा पट्टा तिथून दूर नाही.

जुन्या पद्धतीत सीव्हीला फारसे काम नव्हते. मुंबईतला एजंट ट्रेड टेस्ट घेई, पासपोर्टवर इसीएनआर, म्हणजे उत्प्रवास तपासणीतून सूट, आहे की नाही ते पाही आणि सगळ्या उमेदवारांची माहिती एकाच साच्यात भरून कंपनीकडे पाठवी. एकदा व्हिसा लागला की कामगार त्या मालकाशी बांधला जाई. ऑगस्ट २००९ पासून बहरीनने परदेशी कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. २०११ मध्ये त्याला त्याच मालकाकडे एक वर्ष काम केल्याची अट जोडली गेली, आणि घरकामगारांना ही सवलत मिळाली नाही. २०१७ मध्ये फ्लेक्सी परमिट आले, ज्यात कामगार कोणा एका मालकाशी न बांधता स्वतःच्या नावावर काम करू शकत असे. २०२२ मध्ये ते बंद करून नोंदणीकृत कामगारांची दुसरी योजना आणली गेली. कायद्यातली मुभा आणि हातात पडणारी मुभा यांत अंतर राहते, हे मान्य करूनही एक बदल निश्चित झाला. सनदमध्ये राहणाऱ्या टेक्निशियनला आता तिथल्या तिथे दुसरी नोकरी शोधता येते, आणि त्यासाठी एजंटच्या साच्याबाहेरचा, स्वतःचा सीव्ही लागतो. त्याच्या हातात इतकी वर्षे तो कागद नव्हताच.

मदत घेणे गैर आहे का?

या प्रश्नावर दोन प्रामाणिक भूमिका आहेत. पहिली अशी की सीव्ही हा उमेदवाराने स्वतःबद्दल दिलेला पुरावा आहे. त्याची मांडणी, भाषा, नेमकेपणा यांवरून मालक माणसाची कुवत ताडतो, आणि दुसऱ्याने लिहून दिले की तो पुरावा दूषित होतो. या भूमिकेला अर्थशास्त्राचा आधार आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार नोकरीच्या बाजारात मालकाला उमेदवाराचे खरे गुण दिसत नाहीत, म्हणून तो खुणांवर विसंबतो. खूण उपयोगी ठरते ती सर्वांना सारख्याच सहजतेने कमावता येत नाही म्हणून. पैसे टाकून विकत मिळणारी खूण निरुपयोगी होईल, असा यावरून निष्कर्ष काढता येतो.

दुसरी भूमिका म्हणते की सीव्हीचे काम कुवत सिद्ध करण्याचे नसून माहिती पोचवण्याचे आहे, आणि स्पष्ट माहितीचा फायदा दोन्ही बाजूंना होतो. यातली कोणती भूमिका खरी, हे तपासणारा एक मोठा प्रयोग झाला आहे. एमा व्हॅन इनवेगन, झानेले मुन्यिक्वा आणि जॉन हॉर्टन यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात एका ऑनलाइन कामाच्या बाजारपेठेतल्या सुमारे ५ लाख उमेदवारांपैकी काहींना सीव्हीची भाषा सुधारण्यासाठी संगणकीय मदत दिली गेली. मदत मिळालेल्यांना काम मिळण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. महत्त्वाचे म्हणजे, त्यांना घेणाऱ्या मालकांचे समाधान कमी झाले नाही. लिहिण्याची चूक हीच कुवतीची खूण असती, तर सुधारलेल्या सीव्हींनी मालकांची फसगत व्हायला हवी होती. ती झाली नाही.

या अभ्यासाच्या मर्यादा ओळखायला हव्यात. तो इंटरनेटवरून होणाऱ्या कामांचा आहे, रिफायनरीतल्या नोकऱ्यांचा नाही. मदतही यंत्राची होती, माणसाची नव्हती. शिवाय संपादक, वार्ताहर, जनसंपर्क अधिकारी अशा कामांत लिहिणे हेच कौशल्य असते, आणि तिथे पहिल्या भूमिकेत तथ्य उरतेच. पण पाइप फिटर किंवा स्टोअरकीपरची इंग्रजी वाक्यरचना त्याच्या कामाबद्दल काही सांगत नाही. त्याला मदत नाकारणे म्हणजे चांगल्या कारागिराला भाषेपायी मागे ठेवणे होय.

बोलण्यातून काय निघते

यापुढचा प्रश्न असा की त्या मदतीतला मोलाचा भाग कोणता. बहुतेक कंपन्या भाषा आणि सजावट विकतात. माझ्या मते मोल आहे ते त्याआधीच्या प्रश्नोत्तरांत. समजा, एका इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनने माहितीच्या फॉर्मवर लिहिले की ‘सर्व प्रकारचे मेंटेनन्सचे काम केले’. लिहिणाऱ्याकडे एवढेच गेले तर तो कितीही कुशल असला तरी या ओळीला सुबक इंग्रजीत घोळवण्यापलीकडे काही करू शकत नाही. ग्राहकाशी बोलणाऱ्याने विचारले की काम रोजचे होते की शटडाउनचे, कंट्रोल व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बसवले का, लूप चेकिंग स्वतः केले की हाताखाली, परमिट कोणाच्या नावावर निघत होते, हाताखाली माणसे किती होती, तर दहा मिनिटांत चित्र बदलते. आता सीव्हीत अशी ओळ जाऊ शकते: दोन शटडाउनमध्ये कंट्रोल व्हॉल्व्हची दुरुस्ती व कॅलिब्रेशन, चार जणांच्या गटाची जबाबदारी, परमिट स्वतःच्या नावावर. यातला एकही शब्द फुगवलेला नाही. भरती करणाऱ्या इंजिनीअरला हवी ती माहिती आधीपासून त्या माणसापाशी होती, कोणी विचारली नव्हती इतकेच.

मराठी ग्राहकाच्या बाबतीत हे विचारणे आणखी आवश्यक होते. स्वतःच्या कामाबद्दल बोलणे म्हणजे बढाई, असा संस्कार आपल्याकडे खोल आहे. पुष्कळ माणसे एकट्याने निभावलेले कामही सगळ्यांनी मिळून केले असे सांगतात आणि मोठ्या अपघातातून कारखाना वाचवल्याची गोष्ट ‘त्यात काय विशेष’ म्हणून गाळतात. इंग्रजी फॉर्मपुढे हा संकोच वाढतो. मराठीत विचारले, ‘काका, त्या कामात तुमचा हात नेमका कुठे होता ते सांगा’, की तो सैल होतो. फोन कधी केला जातो यालाही महत्त्व आहे. बहरीनचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे आणि तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. भारतातल्या कार्यालयाने आपल्या सोयीने सकाळी दहाला फोन लावला, तर सनदमध्ये साडेसात वाजलेले असतात आणि ग्राहक कामाच्या धावपळीत असतो. अशा वेळी मिळणारी उत्तरे एका शब्दाची असतात.

यावर आजचा सर्वांत बळकट आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि सुबक इंग्रजी जवळजवळ फुकट झाले. मग या सेवेत उरले काय? भाषेपुरते पाहिले तर खरोखरच थोडे उरले. पण यंत्राला ‘सर्व प्रकारचे मेंटेनन्स’ एवढेच दिले तर ते त्या पदाच्या माणसाने सर्वसाधारणपणे काय केले असेल ते भरून देते. वाक्ये पटण्याजोगी असतात, पण ती त्या माणसाची नसतात, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. यंत्रही प्रश्न विचारू शकते, हे खरे आहे, आणि पुढे ते अधिक चांगले विचारील. तरी उत्तर देणाऱ्याच्या आवाजातली चाचपड ओळखून तिथे थांबणे, आणि ‘हे लिहू नका, तुम्हाला ते निभावता येणार नाही’ असे सांगणे, हे आजतरी माणसाचे काम आहे.

विक्री की सल्ला

व्यवसायातला खरा वाद इथे आहे. एक बाजू म्हणते की क्लायंट रिलेशन्स हे विक्रीचेच पद आहे. चौकशा महाग पडतात, स्पर्धा तीव्र आहे, महिन्याचे टार्गेट ठेवले नाही तर कंपनी टिकत नाही, आणि कंपनीच टिकली नाही तर ग्राहकाला सल्ला कोण देणार? हा युक्तिवाद हलका नाही. दुसरी बाजू म्हणते की समोरचा माणूस नोकरी गेल्याने किंवा जाण्याच्या भीतीने फोन करतो. त्याची गरज आणि त्याची घाई यांत भेद करणे हे बोलणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि टार्गेट डोक्यावर असलेला माणूस तो भेद करू शकत नाही.

विक्रीच्या बाजूने वापरले जाणारे काही दावे तपासून पाहण्यासारखे आहेत. भरती करणारे एका सीव्हीवर सहाच सेकंद नजर टाकतात, हा आकडा द लॅडर्स या अमेरिकी कंपनीच्या २०१२ मधल्या एका छोट्या पाहणीतून आला, आणि ती कंपनी स्वतः नोकरी शोधणाऱ्यांना सेवा विकणारी होती. ७५ टक्के सीव्ही संगणकच नाकारतो, या दाव्यामागे तर धड अभ्यासही सापडत नाही. त्याचा माग अशीच सेवा विकणाऱ्या, पुढे बंद पडलेल्या एका कंपनीपर्यंत जातो. अर्ज छाननीची सॉफ्टवेअर आहेत, मोठ्या कंपन्या ती वापरतात, आणि चौकटी-तक्त्यांनी भरलेला सीव्ही त्यांना वाचताना अडचण येऊ शकते, एवढे खरे. त्यावर भीतीचा डोलारा उभारून फुकट तपासणीत प्रत्येक सीव्ही नापास करायचा आणि मग पॅकेज विकायचे, ही रीत ज्या ग्राहकाची आधीच झोप उडाली आहे त्याच्यावर अन्याय करते.

हमीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘इतक्या दिवसांत मुलाखत’ असे आश्वासन सीव्ही लिहिणारा देऊच शकत नाही, कारण मुलाखतीला बोलावणे त्याच्या हाती नाही. आपण सीव्ही आखातातल्या कंपन्यांपर्यंत पोचवू, असे म्हटले की प्रकरण आणखी पुढे जाते. भारताच्या १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला नोंदणी प्रमाणपत्र लागते आणि कामगाराकडून घ्यायच्या शुल्कालाही मर्यादा आहे. बहरीनमध्ये भरती संस्थांना परवाना देणारे श्रम बाजार नियामक प्राधिकरण २००६ पासून आहे. लेखनसेवा आणि भरती यांतली सीमा बहुतेकदा कागदावर ओलांडली जात नाही. ती ओलांडली जाते फोनवरच्या एका वाक्यात, आणि ते वाक्य क्लायंट रिलेशन्सच्या माणसाच्या तोंडी असते. म्हणून या पदाची कामगिरी किती पॅकेजे विकली यावर मोजणे मला चुकीचे वाटते. किती नेमकी माहिती मिळवली, किती अवास्तव अपेक्षा वेळीच मोडल्या आणि किती ग्राहकांना ‘तुमचा आहे तो सीव्ही पुरेसा आहे’ असे सांगितले, ही मोजमापे अधिक योग्य आहेत. उत्पन्न बुडेल, या आक्षेपाला उत्तर असे की ही सेवा तोंडोतोंडी पसरणारी आहे. एकाच इमारतीत, एकाच कंपनीच्या बसमध्ये राहणारी-फिरणारी माणसे फसवणूक आणि प्रामाणिकपणा दोन्हींची बातमी वेगाने पोचवतात. हे उत्तर लहान कंपन्यांना जास्त लागू पडते. जाहिरातीच्या जोरावर रोज नवे ग्राहक ओढणाऱ्या मोठ्या कंपनीला त्याने धाक बसेलच असे नाही.

फुगवणे आणि गाळणे

दबाव नेहमी कंपनीकडूनच येतो असेही नाही. पाच वर्षांची सात करा, मधला रिकामा काळ बुजवा, हेल्पर होतो तिथे सुपरवायझर लिहा, अशी मागणी ग्राहक स्वतः करतात, आणि पैसे मोजले आहेत म्हणून ती हक्काने करतात. काही कंपन्यांची भूमिका अशी की अंतिम मसुद्यावर ग्राहकाची मंजुरी घेतली की जबाबदारी त्याची. कायद्याच्या दृष्टीने ती सोयीची आहे. पण नुकसान कोणाचे होते हे पाहिले की ती तोकडी वाटते. आखातात कागद तपासले जातात. बहरीन २०१३ पासून परदेशी कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाच्या अपोस्टिल कराराच्या कक्षेत आहे, त्यामुळे पदवीवर भारतातून शिक्का घेऊन जावे लागते. डॉक्टर-परिचारिकांची प्रमाणपत्रे तिथली आरोग्य नियामक संस्था मूळ विद्यापीठाकडून पडताळून घेते. शेजारच्या कुवेतने २०१८ मध्ये भारतीय अभियंत्यांच्या पदव्या एनबीए या भारतीय मूल्यांकन मंडळाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाच्याच असाव्यात असा आग्रह धरला, तेव्हा खऱ्या पदव्या असलेल्यांचीही परवान्यासाठी ससेहोलपट झाली. अशा वातावरणात फुगवलेली दोन वर्षे ग्राहकाची नोकरी आणि व्हिसा दोन्ही घालवू शकतात, आणि त्याच्या मागे घरचे कर्ज असते. मागणी नाकारणारा माणूस त्याचे नुकसानच टाळत असतो, पण ते पटवून देण्याइतका वेळ कंपनीने त्याला दिला पाहिजे.

काय गाळावे हा प्रश्न अधिक अवघड आहे. आखाती सीव्हीत फोटो, राष्ट्रीयत्व, वैवाहिक स्थिती, कधी धर्मही लिहिण्याची प्रथा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारखीच पात्रता असलेल्या अर्जांवर केवळ दलित किंवा मुस्लिम नाव असल्याने भारतातल्या खासगी कंपन्यांकडून कमी बोलावणी आली, हे दाखवले आहे. बहरीनने २०१८ मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती करून लिंग, वंश, भाषा, धर्म यांवरून भेदभावाला मनाई केली. तरी प्रथा कायद्याच्या मागून चालते. फोटो काढून टाकावा तर अर्ज अपुरा दिसण्याची भीती, ठेवावा तर भेदभावाला दार. इथे ग्राहकासमोर दोन्ही शक्यता ठेवून निर्णय त्याच्यावर सोडण्यापलीकडे ठाम सल्ला देता येईल असे मला वाटत नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पैशाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये हे तत्त्व आहे. भारत आणि बहरीन यांनी तो स्वीकारलेला नाही. संघटनेने पुढे भरती शुल्क आणि संबंधित खर्चाची व्याख्याही केली, पण स्वेच्छेने घेतलेली सीव्ही लेखनसेवा त्यात बसते की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. एजंटने विशिष्ट ठिकाणूनच सीव्ही करून आणायला लावला, तर ते शुल्कच म्हणावे लागेल. स्वतःहून फोन केला तर कदाचित नाही. मधल्या पट्ट्यात बरेच व्यवहार येतात.

दुसरा प्रश्न माहितीच्या राखणीचा. पासपोर्टची प्रत, बहरीनच्या ओळखपत्राचा सीपीआर क्रमांक, जुन्या पगाराच्या स्लिपा हे सगळे ग्राहक व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ते अनेकदा बोलणाऱ्याच्या फोनमध्ये राहते. बहरीनचा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०१९ पासून लागू आहे, भारताचा २०२३ मध्ये संमत झाला. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या फोनमधल्या प्रतींचे काय, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सद्सद्विवेकावर ठेवले आहे.

तिसरा प्रश्न देखरेखीचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासेसच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि निवडीच्या हमीला आळा घातला. सीव्ही सेवांसाठी अशी वेगळी तत्त्वे नाहीत. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहेच. पण सनदमध्ये राहून पुण्यातल्या किंवा नोएडातल्या कंपनीला पैसे देणाऱ्याने तक्रार ऑनलाइन नोंदवली, तरी फोनवर काय कबूल झाले होते याचा पुरावा त्याच्यापाशी नसतो. कॉलची नोंद कंपनीकडे असते. ती मागितल्यावर ग्राहकाला मिळावी की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर जरी नियम झाला, तरी फोनवर काय बोलायचे याचा विचार दोन्हीकडून अधिक काळजीने होईल.